पाण्याखाली सगळेच चष्मेवाले

माझा नंबर मायनस सहा आहे. दोन्ही डोळ्यांना. डाव्याला वर सिलिंड्रिकल मायनस दीड. चष्मा काढला की डोळ्यांपासून साधारण सोळा सेंटिमीटरच्या पुढचं सगळं जग विरघळतं. राहते नाशिकला, म्हणजे घाटावर. आजोळ सिंधुदुर्गात, खाडीकाठी. दर वर्षी मे महिन्यात आणि दिवाळीनंतर तिथे जाऊन मी भाल्याने मासे मारते.

हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "पण तुला मासा दिसतो का?"

या प्रश्नाचा मला कंटाळा आलाय. प्रश्नात काळजी असती तर चाललं असतं. पण त्यात एक ठाम समजूत दडलेली असते, की पाणी, भाला, नेम या गोष्टी ज्यांचे डोळे 'चांगले' आहेत त्यांच्यासाठी आहेत. चष्मेवाल्यांनी काठावर बसून इतरांचे कपडे, मोबाइल आणि चपला सांभाळाव्यात. तुमच्या ग्रुपमध्येही असा एक जण असेल. सगळे धबधब्यात आणि हा पिशव्या धरून उभा. कदाचित तो तुम्हीच असाल.

म्हणून आधी थोडं भौतिकशास्त्र. दहावीच्या पुस्तकात होतं तेवढंच.

आपल्या डोळ्याची एकूण ताकद साधारण साठ डायॉप्टर. त्यातले त्रेचाळीसच्या आसपास डायॉप्टर असतात डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे, म्हणजे कॉर्नियाचे. कॉर्निया प्रकाश वाकवू शकतो, कारण त्याच्या पुढे हवा असते. हवेच्या जागी पाणी आलं की गडबड होते. पाणी आणि कॉर्निया यांचे अपवर्तनांक इतके जवळजवळ आहेत की प्रकाश वाकतच नाही. त्रेचाळीस डायॉप्टर जवळपास सगळे वाहून जातात. मागे राहतं ते आतलं भिंग, आणि ते एकटं पुरत नाही.

म्हणजे ज्याचा रिपोर्ट सिक्स बाय सिक्स आहे, ज्याने आयुष्यात कधी चष्म्याच्या दुकानाची पायरी चढलेली नाही, तो पाण्यात डोळे उघडल्या क्षणी प्लस चाळीस नंबरवाला होतो. मी मायनस सहावाली, त्यामुळे माझा पाण्यातला नंबर त्याच्यापेक्षा किंचित कमीच. प्लस चौतीस म्हणा. तिथे आम्ही दोघंही सारखेच आंधळे, पण हिशेब मांडायचाच तर मी त्याच्यापेक्षा सहा पावलं पुढे आहे.

मग तो काय करतो? मास्क लावतो. मास्क म्हणजे काय? डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा आणि त्याच्यापुढे काच. चाळीस नंबर घालवणारा चष्मा. पण त्याला कोणी चष्मा म्हणत नाही. त्याला 'गियर' म्हणतात. तो लावून फोटो काढतात, डीपी ठेवतात. माझ्या त्याच मास्कमध्ये सहा नंबरची काच बसवलेली असते, तेव्हा मात्र लोक हळहळतात. चाळीस नंबरची ऐट आणि सहा नंबरची कीव, हा हिशेब मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

आता मास्क लावला तरी सगळं सुरळीत होतं का? नाही. सपाट काचेतून पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते आणि एक चतुर्थांशाने जवळ आल्यासारखी वाटते. चार हातांवरचा मासा तीन हातांवर दिसतो. पहिल्यांदा उतरलेला प्रत्येक जण भाला आखूड टाकतो. नजर कितीही तेज असो, ती तिथे प्रत्येकाला फसवते.

वरून, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मारायचं असेल तर फसवणूक वेगळी. सरळ खाली पाहिलं तर एक मीटर खोल असलेला मासा पाऊण मीटरवर दिसतो. तिरकं पाहिलं तर आणखी वर. माझ्या मामाने पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवलं होतं. "जंय दिसता थंय मारू नको गो. तेच्या खाली मार." मामा शाळेत फार टिकला नाही. पण अपवर्तनाचा नियम त्याच्या मनगटात आहे, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याचा नेम मी अजून गाठलेला नाही.

म्हणजे ज्या कामात डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही हा पहिलाच धडा आहे, त्या कामातून कमकुवत डोळ्यांच्या माणसाला आधीच बाद करायचं, असं हे तर्कशास्त्र आहे.

माणसाचं सोडा. नाशिककरांना भाल्याने मासे मारणारे अव्वल शिकारी बघायला कोकणात जायची गरज नाही. नांदूरमध्यमेश्वरला जा. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथलं हे पाणथळ अभयारण्य. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून २०२० च्या जानेवारीत त्याचं नाव जाहीर झालं. तिथे तिरंदाज नावाचा पक्षी आहे, सापासारख्या मानेचा. तो पाण्याखाली मान आखडून धरतो आणि झटक्यात चोच भाल्यासारखी माशात खुपसतो. नाव उगाच पडलेलं नाही. तिथेच खंड्या आहे. पाण्यात शिरताना तो डोळ्यांवर एक आतली पापणी ओढून घेतो. म्हणजे नेमक्या मोक्याच्या क्षणी त्याला धड दिसत नसतं. बघायचं ते त्याने फांदीवर बसून आधीच बघून ठेवलेलं असतं.

आणि तिथेच पाणकावळा आहे. पाणकावळ्याची पाण्याखालची नजर घारीसारखी तीक्ष्ण असणार, असं कित्येक वर्षं गृहीत धरलं जायचं. २००७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी मोठ्या पाणकावळ्याची पाण्याखालची नजर मोजली, तेव्हा ती मास्क न लावलेल्या माणसाइतकीच अंधूक निघाली. एकेकटा मासा त्याला जेमतेम एक मीटरच्या आत ओळखू येतो. तरीही मासे पकडण्यात त्याचा हात धरणारे पक्षी थोडेच. तो दुरून हेरत नाही. तळाशी, झुडपांत, दगडांच्या सांदीत शिरतो, मासा बिचकवतो आणि जवळच्या जवळ उचलतो. कमी दिसतं, म्हणून जवळ जातो. हे तंत्र मला फार आवडलं, कारण मी आयुष्यभर तेच करत आलेय.

माणसांतलं उदाहरणही आहे. थायलंड-म्यानमारच्या किनाऱ्यावर मोकेन नावाचे समुद्रावर जगणारे लोक आहेत. त्यांची मुलं मास्कशिवाय बुडी मारून तळाचे शिंपले वेचतात. स्वीडनच्या ॲना गिस्लेन यांनी २००३ साली दाखवलं, की या मुलांना पाण्याखाली युरोपीय मुलांच्या दुपटीहून जास्त स्पष्ट दिसतं. ती पाण्यात बाहुली अगदी बारीक करतात आणि आतलं भिंग फुगवता येईल तितकं फुगवतात. पुढे युरोपीय मुलांनाही सरावाने हे जमलं. मोठेपणी भिंग कडक होतं आणि मोकेन माणसांचंही हे कसब जातं. म्हणजे ज्याला आपण जन्मजात 'चांगली नजर' म्हणतो, तिच्यातला बराचसा भाग सराव, वय आणि अवजार यांचा असतो.

मग आपल्याकडे चष्म्याची एवढी लाज कशाला?

मला नंबर लागला तिसरीत. त्या उन्हाळ्यात नाशिकच्या एका पोहण्याच्या वर्गात नाव घातलं होतं. शिकवणारे सर म्हणाले, "चष्मा आहे? मग हिला उथळ टाकीतच ठेवा." दोन महिने मी लहान मुलांच्या टाकीत काढले. पॉवरचे गॉगल मिळतात हे ना त्यांनी सांगितलं, ना डोळे तपासणाऱ्यांनी. घरी गाजराचा रस सुरू झाला. कुणीतरी अनवाणी हिरवळीवर चालायला सांगितलं. "मुलीची जात आहे, नंबर वाढायला नको," हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की त्याचा आता रिंगटोन करता येईल. पुढे स्थळं येऊ लागली तेव्हा फोटोत चष्मा काढायचा सल्ला आला. फोटोत मी कॅमेऱ्याच्या डावीकडे कुठेतरी बघतेय, कारण कॅमेरा नेमका कुठे आहे ते मला दिसतच नव्हतं.

चष्मा लागलेल्या मुलाला घरात बसवायचं, हे तर शुद्ध उलटं औषध आहे. चीनच्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर, उजेडात ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यात मायनस नंबर लागलेली मुलं ३०.४ टक्के होती आणि बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. लागलेला नंबर उन्हात खेळून उतरत नाही, पण न लागलेला लांबवता येतो. २०५० पर्यंत जगातली जवळपास निम्मी माणसं मायनस नंबरवाली असतील, असा अंदाज २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासाने मांडलाय. निम्म्या जगाला उथळ टाकीत बसवणार आहात का?

आता दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनवायचे आहेत. एक जमात अशी आहे जी म्हणते, "डोळे वगैरे काही नसतं गं, मनाची नजर लागते!" मागे बासरीचं संगीत आणि स्लो मोशन. मला या रील्सचीही तेवढीच चीड आहे. मनाच्या नजरेने मासा ओळखता येत नाही. आणि भाला हातात असताना न ओळखता मारणं हा गुन्हा आहे.

नाशिककरांना याची गोष्ट कोणी सांगायला नको. रामाने वडिलांचं श्राद्ध रामकुंडावर केलं अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. त्या दशरथाच्या हातून काय झालं होतं? पाण्याच्या काठी अंधारात बुडबुड आवाज आला. हत्ती पाणी पितोय असं समजून त्याने शब्दवेधी बाण सोडला. घागर भरणारा श्रावणबाळ होता. दशरथाच्या नेमात खोट नव्हती. डोळेही शाबूत होते. त्याने काय आहे ते बघितलं नाही, एवढंच. आंधळ्या आईबापांचा मुलगा डोळस धनुर्धराने मारला.

पाण्यात भाला चालवणाऱ्याने ही गोष्ट रोज आठवावी. खाडीच्या तळाशी वाळूत वागळी बसलेली असते, तिच्या शेपटीला विषारी काटा असतो. पाच हातांवर दुसरा बुडी मारणारा असू शकतो. खडकात बसलेला गोबरा मोठा दिसला म्हणून मारावासा वाटतो. पण गोबऱ्याच्या अनेक जाती आधी मादी असतात आणि वाढल्यावर नर होतात. मोठेमोठे सतत टिपत गेलात तर त्या खडकाचे नरच संपतात. भाल्याची सगळी बाजू याच एका गोष्टीवर उभी आहे. जाळं निवड करत नाही, भालेवाला करू शकतो. एक मासा, निवडलेला, ओळखलेला, लागेल तेवढाच. पण निवडायचं तर दिसलं पाहिजे. म्हणूनच चष्मा हवा. तो माझ्या सोयीपुरता नाही, समोरच्या जिवासाठीही आहे. न दिसता पाण्यात उतरून धाडस दाखवणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही.

आणि सहा बाय सहावाल्यांनी इथे फार मान ताठ करू नये. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांतून, भातखाचरांतून वर चढतात. कोकणात त्याला वलगण म्हणतात, घाटावर चढणीचे मासे. बॅटऱ्या, कोयते, काठ्या घेऊन लोक तुटून पडतात. मासा गाभोळीने भरलेला आहे हे उघड्या डोळ्यांनी दिसत असतं. चष्मा कुणालाच लागत नाही. तरी दिसत नाही.

या सगळ्यात एक वर्ग असा आहे ज्याच्यासाठी ही गंमत किंवा छंद नाही. गंगापूर, दारणा, गिरणा अशा धरणांवर मासेमारी करून पोट भरणारी कुटुंबं. चाळिशी सगळ्यांनाच लागते, मच्छीमारालाही. जाळ्याची फाटकी आस विणायची, गळाला दोरी ओवायची, हे हाताएवढ्या अंतरावरचं काम असतं. ते दिसेनासं झालं की माणूस सांगत नाही. काम हळू करतो, मग मुलाला देतो, मग कडेला बसतो. आसामच्या चहामळ्यात चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना जवळचे साधे चष्मे देऊन पाहिलं, तर त्यांची पानं खुडण्याची उत्पादकता जवळपास २२ टक्क्यांनी वाढली. २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये हा अभ्यास आला. चहाची पानं खुडायला जे लागतं, तेच जाळं विणायला लागतं. आपल्या राज्यात मच्छीमाराला जाळ्यासाठी अनुदान आहे, होडीसाठी आहे. त्याच यादीत चष्मा का नाही? तोही मासेमारीचंच साधन आहे. शिबिर भरवून, फोटो काढून, कधीतरी वाटायची ती खिरापत नाही.

ज्यांना आता वाटतंय की आपणही पाण्यात उतरावं, त्यांच्यासाठी मला तिसरीत कोणी सांगितलं नाही ते सगळं इथे सांगते.

पॉवरचे पोहण्याचे गॉगल तयार मिळतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यांत. त्यात सिलिंड्रिकल नसतो. म्हणून सिलिंड्रिकलचं अर्धं मूळ नंबरात मिळवायचं. माझ्या डाव्या डोळ्याचं गणित असं: सहा अधिक पाऊण, पावणेसात. मी साडेसहाची काच घेतली, उत्तम चालते. पाण्यात एवढ्यातेवढ्याने बिघडत नाही.

पोहण्याचे गॉगल घालून खोल बुडी मारू नका. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. गॉगलच्या आतली हवा आकसते आणि डोळे बाहेर ओढले जातात. मास्कमध्ये नाक आत असतं, नाकातून हवा सोडून दाब सारखा करता येतो. म्हणून बुडीसाठी मास्कच, आणि त्यात नंबरच्या काचा बसवून घ्यायच्या. वरून, काठावरून मासे बघायचे असतील तर नंबरच्या पोलराइज्ड काचा करून घ्या. पाण्यावरची चमक मरते आणि आतलं दिसू लागतं.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून नदीत, तलावात, टाकीत उतरू नका. गोड्या पाण्यात, अगदी नळाच्या पाण्यातही अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असतो. तो लेन्सखाली अडकला तर कॉर्निया पोखरतो आणि डोळा जाऊ शकतो. "लेन्स लावून ये, काही होत नाही," असं सांगणाऱ्याकडून पोहायला शिकू नका.

आणि एकटं उतरू नका. गंगापूर धरणाच्या काठी रील काढायला तर नकोच. पाण्यात चांगल्या डोळ्यांची माणसंही बुडतात.

पोहण्याचे वर्ग चालवणाऱ्यांना, कोकणात पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्यांना माझी मागणी फार छोटी आहे. फॉर्मवर वय विचारता, वजन विचारता, दमा आहे का विचारता. त्याखाली एक रकाना वाढवा: नंबर किती? आणि कपाटात मायनस दोन, चार, सहाचे दोन-दोन गॉगल, दोन-दोन मास्क ठेवा. तासाभरासाठी द्या, परत घ्या, धुऊन ठेवा. एवढ्याने किती पोरं उथळ टाकीतून बाहेर येतील याचा तुम्हाला अंदाज नाही.

तोपर्यंत, पिशव्या धरून उभं राहणाऱ्या मित्रांनो, चष्म्याच्या दुकानात जा. जुनी चिठ्ठी काढा, नाहीतर पुन्हा डोळे तपासून घ्या. "पोहायचे गॉगल हवेत, नंबरचे," एवढंच म्हणा. दुकानदार चमकून बघेल. बघू दे. त्यालाही पाण्याखाली काही दिसत नाही.